लव्हाळ्याच्या कोपऱ्यातली मासोळी

आमच्या मासेमारी गटातल्या बाया जाळं धुवायला बसल्या, की मासे कमी अन् किस्से जास्त निघतात. पण या उन्हाळ्यात हसतानाही जेसीबीचा घोर असायचा.

सानगडीकडच्या आमच्या तलावाचा गाळ काढायचं ठरलं होतं. त्यात लव्हाळ्याचा कोपराही खरडणार होते. तिथं फुटक्या मडक्यांत, दगडांच्या फटीत बोटाच्या पेराएवढ्या मासोळ्या लपून राहतात. मासोळ्यांचा अभ्यास करणाऱ्या भंडाऱ्याच्या मॅडम म्हणाल्या, "फोटो काढून नोंद करा. गाळाचं काम पाहणाऱ्या साहेबांना तिथंच जिवंत मासोळी दाखवली, तर कोपरा वाचेल."

मी सातवी शिकलेली, म्हणून मोबाईल माझ्या हातात.

माझी चिऊ दीड वर्षाची. पाणी जवळ, म्हणून ओढणीचं एक टोक तिच्या कमरेला, दुसरं माझ्या. तरी बटन दाबताना माझं लक्ष तिच्याकडंच. मॅडमनी फोटो मोठा करून पाहिला. "छान आलाय. पण मासोळीच्या मागं पैंजण कोणाचं?"

कमलमावशी फटीत सरळ हात घालायची. माझाच जीव वरखाली.

"मावशी, साप असन ना आत."

"असन तं असन. तू एवढी ओरडून राहिली, का तो कवाचाच निंगून गेला."

एकदा मॅडम यायच्या म्हणून मासोळ्या बादलीत ठेवल्या अन् मी चिऊला पाजायला आत गेले. बाहेर येते तर बादली पालथी, सासूबाई चुलीपाशी.

"माय, मासोळ्या कुठं गेल्या?"

"पाहुणीले मासोळी दाखवत नसतात बाई, वाढत असतात."

मॅडमनी रस्सा दोनदा मागून घेतला. त्याच मासोळ्यांचा आहे, हे सांगायची हिंमत कोणाची झाली नाही.

मग साहेब यायचा दिवस आला. पाहुणे येणार म्हटलं की अंगण झाडायचं, ही आमची रीत. आम्ही पहाटेच कोपरा लख्ख केला. खापरं, मडकी, बाटल्या, सगळ्यांचा तलावाच्या पाळीवर, बांधावर ढीग.

साहेब आले. मागं जेसीबी धडधडत उभा. कमलमावशीनं जाळं टाकलं. रिकामं. पुन्हा टाकलं. नुसतं शेवाळ.

जेसीबीवाला म्हणाला, "लावू का साहेब?"

तेव्हा डोक्यात शिरलं, मासोळ्यांची घरंच आम्ही कचऱ्यात टाकली होती. चिऊला काखोटीला मारून ढिगाकडं पळाले. एक फुटकं मडकं उभंच राहिलं होतं. तळाशी ओंजळभर पाणी. आतल्या भिंतीला अंडी चिकटलेली, अन् त्यांच्यापुढं पर हलवत मासोळीचा नर.

मडकं अलगद आणून कोपऱ्यातल्या उथळ पाण्यात टेकवलं.

साहेब काठावरूनच म्हणाले, "दिसत नाही. बाहेर काढा त्याला."

"अंडी राखून राहिला साहेब," मी म्हटलं. "नाही यायचा."

"मग आम्ही पाहायचं कसं?"

कमलमावशी पदरानं हात पुसत म्हणाली, "पाहाले तुमी आले ना साहेब. तो कायले येईन?"

साहेबांनी बूट काढले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात उतरून ओणवे झाले अन् मडक्याच्या तोंडाला डोळा लावला. बराच वेळ वर आलेच नाहीत.

जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं.