आत्या आणि डाळिंबी दगड

आमची आत्या मंगळावरची गाडी चालवायची, आणि इथे तिला साधी स्कूटर जमत नव्हती. बाबा तिला त्यावरून चिडवायचे. मग आजीने अंथरूण धरलं आणि आत्याने नोकरी सोडली. काही वर्षांनी, आजी गेल्यावर, ती कामावर परतली. तोवर तिने हाताला धरून शिकवलेली मुलगी मुख्य चालक झाली होती. आत्याला काम मिळालं ते दुसऱ्यांनी आखलेल्या वाटा तपासायचं. ती दुसऱ्याच दिवसापासून त्याला लागली.

एका सकाळी रोव्हरकडून, म्हणजे मंगळावरच्या त्या गाडीकडून, आलेल्या फोटोंत उतारावर एक दगड दिसला. आजूबाजूचे सगळे काळपट, हा फिकट आणि फोडलेल्या डाळिंबासारखा दाण्यांनी गच्च भरलेला. नियंत्रण कक्षात बसलेले भूवैज्ञानिक खुर्चीत सरळ झाले.

"असला दगड मी आजवर पाहिला नाही. जवळ जाता येईल?"

"कठीण आहे," मुख्य चालक म्हणाली. "सगळी भुसभुशीत वाळू. चाक रुतलं तर धक्का मारायला कोण जाणार?"

आत्या अजून फोटोच बघत होती. "खालून चढायचंच कशाला? वळसा घालून माथ्यावरून उतरू. या सावल्या बघ, वाळूतून कातळाच्या कडा वर आल्यात. थेट दगडापर्यंत पट्टी आहे."

"अरुंद आहे, ताई."

"म्हणून टप्प्याटप्प्याने जाऊ. चाक घसरतंय असं वाटलं की गाडीने जागीच थांबायचं, असं आधीच सांगून ठेवू."

मुख्य चालक उठली आणि तिने आपली खुर्ची आत्याकडे सरकवली. "मग तुम्हीच आखा."

मंगळावर दिवसभराच्या सूचना एकदमच पाठवाव्या लागतात. नंतर आपल्या हातात काही उरत नाही. दुसऱ्या दिवशी फोटो येईपर्यंत आत्याचा चहा गार होऊन गेला. फोटो उघडला, तर दगड गाडीच्या पुढ्यात, यांत्रिक हाताच्या टप्प्यात. चाकं कुठेच रुतली नव्हती.

मग त्या हाताने दगडाचा वरचा थर घासला. आत प्रत्येक दाण्यात कांद्यासारखे पापुद्रे निघाले. भूवैज्ञानिक पडद्याजवळ गेले.

"असे थर पाण्यात हळूहळूच चढतात. पाणी इथे नुसतं येऊन गेलेलं नाही. मुक्कामाला होतं."

अख्खी खोली उठून टाळ्या वाजवत होती, आणि त्यातल्या निम्म्या आत्यासाठी होत्या. दगडाला नाव द्यायचा मानही तिलाच मिळाला. तिने 'बयो' ठेवलं. शेवटच्या दिवसांत सगळ्यांची नावं विसरलेली आजी तिला तशी हाक मारायची.

संध्याकाळी बाबांनी हे ऐकलं. मग त्यांनी शेजारपाजारच्या सगळ्यांना बोलावून तो फोटो दाखवला. "माझ्या बहिणीने नेली गाडी तिथवर," ते प्रत्येकाला सांगत होते.