शोभाबाईंचा डावा हात

शोभाबाई चेंडू आधी टेबलावर टाकायच्या आणि मान वाकडी करून ऐकायच्या. चीर गेलेल्या चेंडूचा आवाज बसका येतो. ती चीर डोळ्यांना दिसायच्या आत त्यांच्या कानाला कळायची. मुलींच्या बाबतीतही तसंच. घरी फोन करून आलेली मुलगी नुसतं "आले बाई" म्हणाली तरी त्या विचारायच्या, "काहून गं, कोन काय बोललं?"

अंबाजोगाईतल्या आमच्या वसतिगृहाच्या त्या रेक्टर होत्या. लग्न केलेलं नव्हतं. तरुणपणी विद्यापीठाच्या संघातून टेबलटेनिस खेळलेल्या. जेवणाच्या खोलीत एका बाजूला त्यांचं जुनं टेबल होतं आणि स्वयंपाकाच्या मावशींचा त्याच्यावर डोळा होता. एकदा मावशींनी त्यावर भाजीचं पातेलं टेकवलं. बाई दारातूनच म्हणाल्या, "उचल ते."

"बाई, लागू द्या की तुमच्या टेबलाला एकदाची हळद."

"मला त्याचं लग्न लावायचं न्हाई. उचल."

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. टेबलटेनिस मी फक्त टीव्हीवर पाहिलं होतं. पण मला पहाटे उठायची सवय होती आणि बाईंना समोर कुणीतरी हवं होतं, एवढ्यावर माझ्या हातात बॅट आली. एकदा त्यांनी आईवडिलांचं विचारलं. दोघं दरवर्षी ऊस तोडायला जातात, हे सांगताना मी जरा अडखळले. मग सांगितलं, की आमच्यात नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची, म्हणून मुकादम जोडीच बघतो.

बाई हसल्या. "मग आपलं तरी काय येगळं हाय? पलीकडं कुनी नसलं तर ही बॅट निस्ती पोळी उलटायला."

त्यानंतर त्या मला सगळ्यांसमोर 'माझा अर्धा कोयता' म्हणायच्या. मी ज्या शब्दाला आजवर लाजत होते, तो त्यांच्या तोंडून ऐकताना मला बरं वाटायचं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना त्यांना छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं. त्यानंतर उजवा हात सुजला तो उतरलाच नाही. त्या हातावर जोर द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाई वसतिगृहात परतल्या आणि त्यांनी बॅट डाव्या हातात घेतली. "ह्या हातानं एक आख्खा गेम खेळायचा हाय मला. खरा गेम," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या बरोबर समोर, उंच आणि हळू चेंडू टाकायला लागले. थोड्या दिवसांनी त्यांनी बॅट खाली ठेवली.

"पूजे, तू खेळतीस का मला घास भरवतीस?"

"तसं नाही बाई."

"तुझा हात खोटं बोलाय लागला."

दुसऱ्या दिवशी मी जोरात मारायचं ठरवून गेले. पण त्यांचा तो सुजलेला हात दिसला की माझा हात आपोआप सैल पडायचा.

मग त्यांनी मशीन घ्यायचं ठरवलं. आपोआप चेंडू फेकणारं, त्याला रोबोट म्हणतात. माझ्या मोबाईलवर आम्ही दोघी बघत बसायचो. सगळं इंग्रजीत. मी अडखळत वाचायचे, कळेल तेवढं सांगायचे.

"कटचा चेंडू जमतो का त्याला? उलटा फिरत येनारा?"

"एका चाकाच्या मशीनचं तोंड त्यासाठी उलटं फिरवावं लागतं बाई. दोन चाकांच्या मशीनला तसाच जमतो, असं लिहिलंय."

"मग दोन चाकांचं बघ."

एक मशीन मान फिरवत टेबलभर चेंडू टाकायचं. मला ते आवडलं. बाई म्हणाल्या, "नगं. मला पळायचं न्हाई. एका जागी उभं राहून हाताला शिकवायचंय." चेंडू गोळा करणारी जाळी मात्र हवीच होती, कारण त्यांना वाकवत नव्हतं. डाव्या हातासाठी त्यांनी हलकी बॅट आणि पातळ रबर निवडलं. वेग नको, ताबा पाहिजे, म्हणाल्या.

मी शेवटी धीर करून विचारलं, "बाई, मी आहे ना. मशीन कशाला?"

"मशीनला माझं आप्रेशन म्हाईत न्हाई," त्या म्हणाल्या.

मशीन आलं. नव्या चेंडूंवर बारीक पूड असते, त्यामुळे ते चाकात घसरून कुठेही उडत होते. एक मावशींच्या पाठीत बसला. बाईंनी मला सगळे चेंडू साबणाच्या पाण्यात धुवायला लावले.

"आता चेंडवाला बी अंगूळ?" मावशी म्हणाल्या.

"तुज्या आधी उरकली बघ त्याची."

मग रोज सकाळी मशीन चेंडू टाकायचं आणि बाई चुकायच्या. मी वेगाच्या बटणाजवळ नुसती उभी. हळूहळू चेंडू पलीकडे जायला लागले. एकदा कटचे चेंडू त्यांनी ओळीनं परतवले आणि खूश होऊन मशीनकडे बघितलं. माझ्याकडे नाही. एका प्लॅस्टिकच्या डब्याचा मला हेवा वाटला.

तो गेम मात्र राहिला. दुखणं पुन्हा उलटलं, हाडात उतरलं. बाई बीडला भावाकडे गेल्या आणि तिथंच वारल्या.

बीडला जायच्या आदल्या सकाळी त्या भिंतीला धरत जेवणाच्या खोलीत आल्या होत्या. मी मशीन लावलं. हात उचलायच्या आत चेंडू निघून गेला. दुसराही गेला.

"कमी कर," त्या म्हणाल्या.

मी वेग कमी केला. मग आणखी कमी केला. शेवटी चेंडू कसाबसा जाळी ओलांडत होता, तोही त्यांना सापडेना.

"बंद कर ते."

मशीनची घरघर थांबली. मला वाटलं, आता बाई आपल्या खोलीत जातील. त्या टेबलाला टेकून तशाच उभ्या राहिल्या.

"जा पलीकडं. तू टाक."

मी गेले. चेंडू हातात घेतला, पण टाकवेना. "कसा टाकू बाई?"

"हळू टाक. तुला येतो तसा."

मी टाकला. त्यांनी डावा हात पुढे केला, आणि चेंडू जाळीवरून माझ्याकडे आला. मावशी पिठाचे हात तसेच धरून दारात उभ्या होत्या. आम्ही गुण मोजले नाहीत.