कळा मोजणारी गाणी

साठच्या दशकात आमच्या गावात जन्माला आलेली बहुतेक मुलं इंग्रजी गाणी ऐकत या जगात आली. त्यांच्या आयांना इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं. माझा अपवाद सोडला, तर ती गाणी कशाबद्दल आहेत हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणणारीला ठाऊक होतं, पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

म्हणणारी म्हणजे आमच्या सिस्टरबाई. रनाळ्यापासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात सरकारनं दवाखान्याच्या दोन खोल्या बांधल्या आणि तिथं त्यांची नेमणूक झाली. चाळिशीच्या आसपासच्या, बुटक्या, सावळ्या, पांढऱ्या लुगड्यातल्या. मूळच्या नवापूरकडच्या, चिंचपाड्याच्या पलीकडे डोंगरालगत त्यांचं गाव. घरी तिकडच्या आदिवासींची कोकणी बोली बोलणाऱ्या, धर्मानं ख्रिस्ती. आमच्याशी मात्र शाळेतल्या बाईंसारखं स्वच्छ मराठी बोलायच्या आणि गाव त्यांना अहिराणीत उत्तर द्यायचं. दोन्हीकडून कधी अडलं नाही.

बाळंतिणीच्या उशाशी बसल्या की त्या कंबर चोळता चोळता गायला लागायच्या. आवाज गोड नव्हता, थोडा घोगरा होता, पण सुरात होता आणि अजिबात घाई नसलेला होता. गाणीही तशीच. लांब ओढलेले शब्द, मध्ये श्वास घ्यायला भरपूर जागा. "श्वास गाण्याबरोबर सोडायचा, ताई. गाणं पळत नाही, तर तुम्ही का पळता?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरंही एक होतं. कुणी विचारलं, अजून किती वेळ, तर म्हणायच्या, "दोन गाण्यांत एक कळ येते आहे. अजून चहा प्या." आणि एका गाण्यात दोन कळा आल्या की उठून पदर खोचत म्हणायच्या, "आता पाणी ठेवा."

त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं असं नाही. चांगलं मनगटी घड्याळ होतं, पण आत शिरताना ते पिशवीत टाकायच्या. मी एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, "नर्स घड्याळाकडे बघायला लागली की बाळंतीण तिच्या तोंडाकडे बघायला लागते. रेकॉर्डची एक बाजू तीन मिनिटांची असते, वहिनी. मला तेवढं पुरतं."

मिशनच्या दवाखान्यात त्या शिकायला होत्या तेव्हा तिथं एक परदेशी सिस्टर होती. तिच्याजवळ चावीचा फोनो होता आणि गाण्यांच्या तबकड्या. शनिवारी दुपारी ती शिकणाऱ्या मुलींना बोलावून त्या लावायची. भजनं रविवारी, ही गाणी शनिवारी. तिकडे त्या काळी घरोघरी वाजणारी ती संथ प्रेमाची गाणी होती. गोरी सिस्टर एकेका गाण्याचा अर्थ मोडक्या मराठीत सांगायची आणि मध्येच स्वतःच रडायची. "आम्हाला आधी तिचं हसू यायचं," सिस्टरबाई सांगत, "मग कळलं, तिचंही कुणीतरी तिकडे राहिलं होतं." ती मायदेशी गेली, फोनोही गेला. सिस्टरबाईंनी गाणी तेवढी ठेवून घेतली.

माझी आणि त्यांची जवळीक झाली ती त्यांच्या वहीमुळे. मी नंदुरबारची, मॅट्रिक झालेली. लग्न होऊन या गावात आले तेव्हा कापसाच्या आणि मिरचीच्या शेतांखेरीज बोलायला विषय नव्हता आणि मोठ्या घराच्या सुनेला बाहेर पडायला कारण नव्हतं. सिस्टरबाईंनी माझं शिक्षण ऐकलं आणि एक दिवस वही घेऊन आल्या. गाणी देवनागरीत लिहिलेली, कानाला ऐकू आली तशी. म्हणाल्या, "शब्द बरोबर आहेत का बघता? चुकीचं गायला नको." एका गाण्यात दर दुसऱ्या ओळीला 'हाट' लिहिलं होतं. मी बराच वेळ ते बाजाराचं गाणं समजत होते. मग उमगलं की ते 'हार्ट' आहे. तोंडाला पदर लावून आम्ही दोघी किती हसलो. त्या घरात आल्यापासून मी पहिल्यांदा तशी हसले असेन.

मग मला दिवस गेले, आणि सातव्या महिन्यात एक वाईट गोष्ट घडली. गावातल्या एका घरी मूल मेलेलं जन्मलं. सिस्टरबाईंना बोलावलं त्याच्या आदल्या दिवसापासूनच पोटात हालचाल नव्हती, त्यांनी तसं आधीच सांगितलं होतं. पण दुःखाला कुणीतरी दोषी लागतं. कुणी म्हणालं, ती बाई परक्या भाषेत मंत्र म्हणते. आठवड्याभरात ते गावभर झालं. दोन गरोदर बायकांच्या घरून निरोप गेले की येऊ नका. मग ठरलं की वर अर्ज करायचा आणि बाईची बदली मागायची.

अर्ज आमच्याच ओसरीवर लिहिला जाणार होता. माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे मोठे आबा म्हणत, त्यांचा शब्द गावात शेवटचा. पण आबा सरळ वृत्तीचे. सही करण्याआधी त्यांनी मला आतून बोलावलं. मी दाराआड उभी राहिले, शेजारी माझ्या सासूबाई, जिजी.

"सूनबाई, तू मॅट्रिक शे," आबा म्हणाले. "ती नर्स बाळंतपणमा काय म्हनस, ते खरं सांग. तेमा तिना देवनं नाव शे का?"

देवाची गाणी आहेत म्हणावं, तर ते खोटं आणि अर्ज त्यावरच जाणार. प्रेमाची गाणी आहेत म्हणावं, तर ते खरं, पण लाजेनं त्याहून वाईट होणार. बाळंतिणीच्या खोलीत नाचगाण्याची थेरं, असंच सगळे म्हणाले असते. ओसरीवर दहाबारा माणसं बसलेली. सिस्टरबाईंना बोलावलेलंच नव्हतं.

मला काय सुचलं कोण जाणे. नंदुरबारच्या शाळेत लागलेली पुस्तकी मराठी मी बाजूला ठेवली आणि अहिराणीत बोलले. "देवनं नाव नही, आबा. एक बाई शे. तिना धनी दूर देसले गयेल शे. ती दारमा उभी राहीसन वाट देखी ऱ्हायनी. कागद येत नही, म्हनीसन पाखरूले त्यानी खबर इचारस."

आबा काही बोलायच्या आत माझ्या शेजारून जिजींचा आवाज आला. पुरुषांच्या बैठकीत त्या कधी बोलत नसत.

"हाई तं आपलं घट्यावरनं गानं शे," जिजी म्हणाल्या. "मन्ही माय दळताना असंच म्हने."

आबांनी कागदाची घडी घातली आणि कोपरीच्या खिशात ठेवली. त्यावर पुन्हा कुणी बोललं नाही. मी त्या दिवशी काही खोटं बोलले नव्हते, पण ती सगळी गाणी तशी नव्हती हेही खरं. एक गाणं नुसतं पिवळ्या झग्यातल्या मुलीचं होतं. ते मी सांगितलं नाही.

हे सगळं सिस्टरबाईंच्या कानावर गेलंच. त्यांनी माझे आभार वगैरे मानले नाहीत. दुसऱ्या दिवशी येऊन माझं पोट तपासलं आणि म्हणाल्या, "मूल अजून आडवं-उभं फिरतंय. बघू." एवढंच.

माझे दिवस भरले तेव्हा गावभर मिरची वाळत होती. भर दुपारी कळा सुरू झाल्या. सिस्टरबाईंनी येताक्षणी अंगणातली मिरची उचलायला लावली, "ठसक्यानं हिचा दम जाईल," म्हणून. मग हात लावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा मी पाहिला. मूल पायाळू होतं. नंदुरबारला न्यायला बैलगाडी जुंपून दारात उभी केली, पण त्या म्हणाल्या, "गाडीत होईल. इथंच बरं." आणि वाट बघणाऱ्या बाईचं गाणं सुरू केलं.

किती वेळा म्हटलं ते मोजलं नाही. कळ आली की मी त्या लांब शब्दाला धरून राहायची, शब्द संपला की सोडून द्यायची. अर्थ मला एकटीलाच कळत होता, पण त्या वेळी अर्थाचा काही उपयोग नव्हता. घोगरा आवाज तेवढा धरायला होता. मग पाय बाहेर आले आणि गाणं थांबलं.

जिजी माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "बाई, तू चूप कसाले व्हयनी?" त्या म्हणाल्या. "गानं म्हन ना."

"जिजी, माझे हात आणि डोकं दोन्ही अडकलंय," सिस्टरबाई मान वर न करता म्हणाल्या. "आता तुम्ही म्हणा."

आणि जिजींनी म्हटलं. जात्यावरचं, त्यांच्या आईचं. आवाज फाटत होता, तरी ओळ सोडली नाही. सिस्टरबाई मध्ये मध्ये फक्त "आता नको", "आता लावा जोर" एवढंच सांगत होत्या. मुलगी झाली. रडायला तिनं वेळ लावला. सिस्टरबाईंनी तिला पालथं धरून पाठ चोळली, तोंड पुसलं, पुन्हा चोळली. ती रडली तेव्हा जिजी गायच्या थांबल्या.

माझी मुलगी तीन वर्षांची असताना सिस्टरबाईंची बदली झाली, सातपुड्याच्या पायथ्याशी. या वेळी अर्ज कुणी केला नव्हता, सरकारी नियमानं झाली. एस.टी.पर्यंत बायका पोचवायला गेल्या. मोठे आबाही आले होते, काठी टेकत, लांब उभे राहिले. मी मनाशी ठरवलं होतं की आज नीट बोलायचं, तुमच्यामुळे माझं घर आहे, असं काहीतरी. पण त्या मुलीचे दात बघत बसल्या, मला दुधाविषयी चार सूचना केल्या आणि गाडी आली.

पुढे तीनच वर्षांनी त्यांच्या भाच्याचं पत्र आलं. तापानं गेल्या होत्या, आणि येत्या रविवारी घरी त्यांच्यासाठी प्रार्थना होती. मी जिजींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तू जा. मन्हा पाय चालत नही." मी धाकट्या दिराला घेऊन रेल्वेनं गेले आणि स्टेशनवरून गाडीरस्त्यानं त्यांच्या गावी पोचले.

घरासमोर मांडव होता. खाली बायका बसल्या होत्या, बऱ्याचशा डोंगरातल्या. काही त्यांच्या शेवटच्या नेमणुकीच्या गावाहून दोन-तीन दिवस चालत आल्या होत्या. मी एका बाईशेजारी बसले. तिनं मला काहीतरी विचारलं. तिची बोली मला कळली नाही, माझी तिला कळली नाही. तिनं सिस्टरबाईंच्या दाराकडे बोट केलं. मग तिनं जमिनीपासून दोन हात उंचीवर तळवा आडवा धरला आणि पाठीशी बांधलेल्या तान्ह्याकडे मान वळवली. बाईंच्या हातून झालेली दोन. मी माझा तळवा धरला, बसल्या बसल्या डोक्याच्याही वर. सहा वर्षांची. तिनं मान हलवली आणि मला बसायला आपल्या घोंगडीवर जागा दिली.