उंबरा क्रमांक ४१७

टेकडीवरच्या पुरातन, पडक्या देवळांच्या आवारात पागोना एकवीस वर्षं राखणदार होती. एवढ्या वर्षांत तिने अवशेषांभोवतीच्या दोरीच्या आत कुणाला पाऊल टाकू दिलं नव्हतं. कुणी फोटोसाठी खांबाला नुसतं टेकलं तरी तिची शिट्टी वाजायची. गावाने तिचं नावच ‘शिट्टी’ ठेवलं होतं.

तिचं जन्मघर याच खांबांच्या सावलीत होतं. सगळ्या गावासारखं तेही देवळाच्याच पडक्या दगडांचं. पुढे खोदकामवाले आले, त्यांनी घरं पाडली आणि देवळाचे दगड देवळाला परत केले. घराचा उंबरा आता दोरीपलीकडे पडला होता. त्यावर काळ्या रंगात खोदकामवाल्यांच्या नोंदीचा आकडा होता, ४१७. पागोनाने इथे नोकरी धरली तेव्हा तिची आई स्ताथूला म्हणाली होती, “घर पाडणाऱ्यांची कुत्री झालीस.” पागोना ते विसरली नव्हती.

आणि एका सकाळी एक्याण्णव वर्षांची स्ताथूला काठी टेकत सगळ्या पायऱ्या चढून वर आली. हातात मधाची वाटी.

“नवरी होऊन आले तेव्हा याच उंबऱ्याला मध लावून आत गेले होते,” ती म्हणाली. “आता जायची वेळ झाली. एकदा लावू दे.”

“घरी जा, आई.”

तिच्याबरोबर पहाऱ्यावर असलेला राखणदार थानासिस हसला. “लावू दे गं म्हातारीला. मी समुद्राकडे बघतो.”

“समुद्र बघायचा पगार मिळतो का तुला?”

तोवर म्हातारी दोरीखाली वाकली होती. पागोनाने शिट्टी फुंकली, छातीत होता नव्हता तेवढा श्वास घालून. पाहुणे वळून बघू लागले. एकाने फोटो काढला. म्हातारीचं मधाचं बोट तसंच हवेत राहिलं.

“माझ्यावर वाजवलीस?”

“कुत्री भुंकणारच,” पागोना म्हणाली.

स्ताथूलाने बोट चाटलं, वाटी दोरीच्या अलीकडे पालथी केली आणि खाली उतरली. त्यानंतर ती लेकीशी बोलली नाही. अकराव्या दिवशी गेली.

मातीच्या दुसऱ्या दिवशी, आवाराचं दार पाहुण्यांना उघडायच्या आधी, पागोना मधाची वाटी घेऊन ४१७पाशी आली. आवारात चिटपाखरू दिसत नव्हतं. तिने दोरी उचलली, एक पाय आत टाकला.

मागून शिट्टी वाजली.

“नियम सगळ्यांना सारखा, पागोना,” थानासिस पायरीवर बसल्या बसल्या म्हणाला.

सवयीनेच तिचा पाय मागे आला.