दार लावून टाकलेली पावडर

वस्तीत त्यांना सगळे टाकीवाले काका म्हणत. उंच टाकीखालच्या खोलीत बसून पाणी सोडायचे आणि त्यात जंतुनाशक पावडर कालवायची, ही त्यांची नोकरी. पावडरीने घसा जळतो, म्हणून कालवताना ते तोंडाला फडके बांधत. निवडणुकीच्या तोंडावर कुणीतरी खिडकीतून नेमके तेच टिपले आणि खाली लिहिले: ‘तोंड लपवून आपल्या पाण्यात विष कालवणारा हा कोण?’

व्हिडिओ कुणी टाकला, याचा छडा कधीच लागला नाही. तो घरोघरी कुणी नेला, हे मात्र उघड आहे. ज्यांनी मागितला नव्हता त्यांच्याही फोनवर ते व्हिडिओचे अॅप चालवणाऱ्या कंपनीने तो आपणहून पुढे केला. लोक थांबून पाहत होते, आणि लोक थांबले की जाहिराती खपतात. काकांच्या मुलीने कंपनीकडे तक्रार केली. कोणत्याही नियमाचा भंग झालेला नाही, असे उत्तर तिचा चहा निवायच्या आत आले. ती तक्रार कुण्या माणसाने वाचली असेल, यावर तिचा आजही विश्वास नाही.

“जगभर गेलात,” काकू म्हणाल्या, “तेही माझ्या जुन्या परकराचं फडकं बांधून.”

काका हसले. त्यानंतर फारसे हसले नाहीत.

‘पावडरमुक्त पाणी’ एवढ्या एका वचनावर एक उमेदवार निवडून आला आणि पावडर बंद झाली. मग घरोघरी जुलाब सुरू झाले. दवाखान्यात लहान मुलांना खाटा पुरेनात, तेव्हा नवे नगरसेवक स्वतः टाकीवर आले.

“काका, उद्यापासून टाका पावडर. पण दार-खिडकी लावून. गाजावाजा नको.”

“मग तेवढं लोकांना सांगा, की ते विष नव्हतं.”

“मी कुठं विष म्हणालो? मी फक्त पुढं पाठवलं.”

“कंपनीही हेच म्हणते,” काका म्हणाले.

काकांना गेलेले नाव परत हवे होते. दार सताड उघडे ठेवून, चारचौघांदेखत पावडर टाकायची त्यांची इच्छा होती. पण दार उघडे दिसले तर पावडर पुन्हा बंद, असे नगरसेवकांनी बजावले. दवाखान्यातल्या पोरांपुढे नावाची काय मातब्बरी! काकांनी निमूटपणे कडी लावली.

जुलाब ओसरले. का ओसरले, हे कुणी विचारले नाही. मग नवा व्हिडिओ आला. त्यात होते नुसते बंद दार आणि आतून येणारा ढवळण्याचा आवाज. ‘पाप नाही, तर दार कशाला लावतो?’ ज्यांनी पहिला व्हिडिओ पाहिला होता, त्यांना कंपनीने हा सर्वांत आधी दाखवला.

दारावर थापा पडल्या तेव्हा पावडर अजून घमेल्यातच होती. कालपर्यंत ‘अहो काका’ म्हणणारे आवाज ‘उघड रे’ म्हणत होते.

काकांनी आधी घमेले पाण्यात रिकामे केले. मग कडी काढली.