धूर दिसता कामा नये

मी वर्कशॉप हवालदार. गाव ईट, तालुका भूम. लडाखात आमच्या चौकीवर एकच ॲम्बुलन्स होती, आणि तिच्या इंजिनाची जबाबदारी माझी. रोज पाच वाजता स्टार्ट, वीस मिनिटं वॉर्म-अप, मग लॉगबुकात नोंद. उणे बावीसला गारठलेलं इंजिन जादा डिझेल मागतं. ते सगळं जळत न्हाय, म्हणून पांढरा धूर निघतो. इंजिन तापलं की डिझेल कमी करायचं, धूर थांबतो. एवढं साधं आहे. पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना कोण सांगणार?

इन्स्पेक्शन लागलं. कॅप्टनसाहेब म्हणाले, "हवालदार, ही गाडी धूर ओकते. जनरलसाहेबांपुढे धूर दिसता कामा नये."

"सर, डिझेल कमी केलं तर थंडीत उठणार न्हाय."

"मग पहाटे उठवूच नका. ऊन आल्यावर स्टार्ट करा. ऑर्डर आहे."

"येस सर."

डिझेल कमी करायला पंपाचा स्क्रू आवळला, तारेनं सील केला. इन्स्पेक्शन दोनदा पुढं गेलं, सील तसंच राहिलं. दुपारी गाडी झकास सुरू व्हायची. साहेब खूश होते.

बाराव्या दिवशी सकाळी ५.५० ला रेडिओ वाजला. "पेशंट आहे. उंचीमुळं फुफ्फुसात पाणी. ताबडतोब खाली न्या. ओव्हर."

स्ट्रेचरवर शिपाई बसवराज होता, मुरुमचा. चौकीवर आमच्या जिल्ह्याचा तेवढा एकच. माझ्याशी मराठी बोलायचा, फोनवर आईशी कानडी. ओठ निळे पडले होते.

"दादा, लवकर करा हो," एवढंच म्हणाला.

ड्रायव्हरनं सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पेटलं न्हाय. पाच वेळा मारला. बॅटरी बसायला लागली. मी पक्कडीनं सील तोडलं. बोटं बधिर झालेली, स्क्रू हाताला लागेना. ६.३१ ला गाडी उठली. ६.४८ ला, चौथ्या वळणावर, बसवराज गेला.

चौकशीच्या कागदावर लिहिलं, 'अतिथंडीमुळे इंधन गोठले.' खोटं! साफ खोटं! आजबी आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. त्या कॅप्टनच्या नावानं मी रोज बोटं मोडतो. पण त्या कागदावर सही माझीबी आहे.

रिटायर झाल्यावर मुरुमला गेलो. बसवराजच्या आईला सगळं सांगितलं, कागदावर काय अन् खरं काय. तिनं निवडायला घेतलेली डाळ बाजूला ठेवली.

"गाडी उठणार न्हाय, हे तुमाला ठावं होतं?"

"व्हय, अव्वा."

"तरी केलं?"

"हुकूम होता."

तिनं डाळ परत पुढ्यात ओढली. मग म्हणाली, "माझा बसू लई हट्टी होता. पटलं न्हाय तर बापाचंबी ऐकायचा न्हाय. मिलिटरीत ऐकायला शिकला म्हणून म्या गावभर पेढे वाटले होते."