मोबाइलमधली झोप

धाड ते बुलढाणा जीप चालवण्यात माझी अर्धी हयात गेली, पण स्टिअरिंगवर डोळा लागला तो एकदाच. कापूस वेचणीचे दिवस होते आणि भर दुपार. गाडीत बाजाराच्या बाया बसलेल्या. जीप रस्ता सोडून बाभळीकडे निघाली तेव्हा शेजारी बसलेल्या शाळेच्या मास्तरांनी स्टिअरिंग ओढलं, म्हणून नालीच्या अलीकडे थांबलो. कुणाला खरचटलंही नाही. मागची एक म्हातारी फक्त म्हणाली, "बापा, रात्री झोपत जाय ना रे."

झोपत तर मी होतोच. जेवलो की आडवा व्हायचो तो थेट सकाळी उठायचो, तरी डोकं जड. बायको कधीपासून सांगत होती, "तुमी घोरता घोरता तुमचा सास बंद पडते. मले भेव लागते." मी हसण्यावारी न्यायचो. त्या दिवशी घरी येऊन झालेलं सांगितलं, तशी तिनं मला औरंगाबादला नेलंच.

तिथं अंगाला तारा लावून रात्रभर तपासणी झाली. झोपेत माझा श्वास अडकतो, असं निघालं. डॉक्टरांनी नाकावर मास्क लावून हवा देणारं मशीन घ्यायला सांगितलं. "रोज रात्रभर लावा. नीट वापरताय असं मला दिसलं की गाडी चालवा. तोपर्यंत नाही."

मला वाटलं, दिसलं म्हणजे माझ्या तोंडाकडे पाहून. पण मशीनच्या आत सिमकार्ड होतं. मी किती झोपलो, श्वास किती वेळा अडकला, हे सगळं ते आपोआप पाठवायचं. डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर दिसायचं आणि पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीनं मोबाइलवर एक ॲप घेतलं, त्यातही दिसायचं, चांगल्या रात्रीला हिरवा चेहरा आणि वाईट रात्रीला लाल.

पहिल्या रात्रीनंतर मी उठलो तो इतका हलका, की अंगणात जाऊन उगीच उभा राहिलो. कित्येक वर्षांत असं वाटलं नव्हतं. तेवढ्यात मुलीचा फोन.

"पप्पा, रात्री मास्क काढून ठेवला का?"

"नाही वो. आत्ता काढला."

"इथं तर थोडाच वेळ लावलेला दिसतोय. लाल चेहरा आलाय."

नवीन आहे, होईल सुरळीत, असं आम्ही म्हणालो. पण रोज तेच. मी ताजातवाना उठायचो आणि पुण्याहून बातमी यायची की माझी रात्र वाईट गेली. हळूहळू मलाच कळेना. आपण झोपेत मास्क काढतो, फिरून येतो आणि पुन्हा लावतो की काय? सकाळी उठल्यावर मी तळपायांना माती लागली का ते पाहू लागलो.

डॉक्टरांकडे पुन्हा गेलो तर त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "तुम्ही मशीन वापरतच नाही."

"लावतो साहेब. रोज लावतो."

"मग हे काय आहे?"

त्यावर रेघा होत्या. मला काय समजणार? गाडी चालवायला परवानगी मिळाली नाही. परतीच्या बसमध्ये बायको हळूच म्हणाली, "खरं सांगा, मी झोपल्यावर काढून ठेवता काय?"

डॉक्टरांच्या बोलण्याचं काही वाटलं नव्हतं, हे मात्र लागलं.

जीप अंगणात उभी आणि मी धाकट्या भावाबरोबर शेतात. त्या साली शेताचंही काही कळत नव्हतं. बीटीचं बियाणं, त्यात बोंडअळी येत नाही असं सगळे धरून चाललेले. झाडं हिरवीगार, बोंडं भरलेली. फोडून पाहिलं की आत गुलाबी अळी आणि सरकी पोखरलेली. भाऊ बोंडामागून बोंड फोडायचा आणि विचारायचा, "काऊन झालं असं?" कापूस गेलाच होता. जीप चालली असती तर घर चाललं असतं.

शेवटी बायकोनं तिच्या पद्धतीनं छडा लावायचं ठरवलं. झोपताना तिनं मास्कचे पट्टे माझ्या डोक्यामागे लाल दोऱ्यानं बांधले आणि वर घट्ट गाठी मारल्या. सकाळी कात्रीनंच कापाव्या लागल्या. तेवढ्यात मुलीचा फोन आला, आज पण लवकर काढलाय म्हणून. बायकोनं मोबाइल माझ्या हातातून घेतला.

"मी सोता गाठी मारल्या होत्या. जशाच्या तशा होत्या."

"आई, ॲप खोटं कशाला बोलेल?"

"मंग मी खोटं बोलून राह्यली काय?"

तेव्हापासून मुलगी नुसता चेहरा न पाहता आतल्या रेघाही बघायला लागली. आणि एका सकाळी तिनं विचारलं, "पप्पा, काल दुपारी मशीन लावून झोपला होतात का? चांगली लांब झोप दिसतेय."

"काल दुपारी? काल तर आमी दोघंबी वावरात होतो. घराले कुलूप होतं."

मी आणि बायकोनं एकदमच खाटेजवळच्या मशीनकडे पाहिलं. कुलूप लावलेल्या घरात माझा मास्क लावून कोण झोपून गेलं असेल?

"मशीन घेऊन आजच जा," मुलगी म्हणाली.

मशीन जिथून घेतलं त्या औरंगाबादच्या दुकानदारानं आधी नेटवर्कला दोष दिला. बायकोनं दुपारच्या झोपेचं सांगितलं तसं त्यानं मशीन उलटं केलं, खालचा नंबर वाचला आणि कॉम्प्युटरमधला वाचला. मग पुन्हा दोन्ही वाचले. आमच्याच दिवशी त्यानं दुसऱ्या एका माणसाला तसलंच मशीन दिलं होतं आणि दोघांचे नंबर एकमेकांच्या नावावर चढवले होते. इतके दिवस आम्ही त्या माणसाची झोप पाहत होतो.

"मंग माही झोप कोन पाहून राह्यलं होतं?" मी विचारलं.

दुकानदारानं त्या माणसाला फोन लावला, झालेलं सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला. तो सिल्लोडकडचा शेतकरी होता. पंपाची वीज रात्रीची, म्हणून मध्येच उठून पाणी द्यायला जायचा आणि राहिलेली झोप दुपारी मशीन लावून काढायचा.

"मी दिवसभर पेंगायचो," तो म्हणाला, "आणि डॉक्टर म्हणायचे, झोप एकदम उत्तम आहे. घरचे म्हणायचे, कामाचा कंटाळा आलाय, नाटकं करतो. मलाही तसंच वाटायला लागलं होतं हो."

"भाऊ, तुमची झोप लय खराब हाये. दवाखान्यात जाऊन या," मी म्हणालो.

"तुमची छान आहे," तो म्हणाला.

नंबर दुरुस्त झाले, पण मागचं सगळं पुसलं गेलं. ॲपनं मला नवीन माणूस समजून स्वागत केलं. डॉक्टरांनी पुन्हा काही आठवडे रेघा पाहिल्या आणि मगच हो म्हटलं. गोंधळ पुरता मिटला असं नाही. अजूनही एखाद्या दिवशी मी जड डोक्यानं उठतो आणि ॲपमध्ये हिरवा चेहरा हसत असतो. आता मुलगी आधी विचारते, "पप्पा, कसं वाटतंय?" आणि मग ॲप उघडते. दोन्ही जुळलं नाही की ती म्हणते, "असू द्या."

जीप पुन्हा सुरू केली त्या दिवशी बायको पुढच्या सीटवर येऊन बसली. बुलढाण्यात तिचं काहीच काम नव्हतं. सगळा रस्ता ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. स्टँडवर आम्ही चहा घेतला आणि ती त्याच गाडीनं परत आली. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "येतं काय?"

"नाही," ती म्हणाली, "मले वावरात जाऊ द्या आता."